भिंतीला चिकटणारे बुडबुडे

प्रश्न : माझं वय ६१. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर या वेळी मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीही झाली. रिपोर्टात ‘डाव्या कॅरोटिडमध्ये ४० टक्के अडथळा, मऊ प्लाक’ असं लिहिलंय, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रोहिणीच्या भिंतीत चरबीचा थर साचलाय. मला त्रास काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, ऑपरेशनची गरज नाही. पण माझा भाचा संशोधनात आहे. तो सांगतो की आता असे बुडबुडे निघालेत जे शिरेतून सोडले की आजारी जागेवरच जाऊन चिकटतात आणि कुठला प्लाक फुटणार ते सोनोग्राफीत दिसतं. ही तपासणी कुठे होते? मी करून घ्यावी का?

उत्तर : भाचा बोलतोय ते खरं आहे. फक्त तो बोलतोय उंदरांबद्दल आणि तुम्ही ऐकताय स्वतःबद्दल.

आधी सरळ उत्तर देते. माणसाच्या रोहिणीतल्या आजारी जागेला चिकटणारं बुडबुड्यांचं कुठलंही इंजेक्शन आज मान्यता मिळून रोजच्या वापरात आलेलं नाही. त्यामुळे पत्ता शोधत फिरू नका. कोणी ‘आमच्याकडे होतं’ म्हणालं, तर ही संशोधनाची चाचणी आहे का आणि तिला नैतिक समितीची परवानगी आहे का, हे आधी विचारा. एवढ्यावर तुमचं पत्र मिटलं असतं. पण त्यात एक दुसरा प्रश्न दडलाय आणि गेली २७ वर्षं मी त्याच्याशीच अडखळते आहे. ४० टक्के म्हणजे नेमकं काय?

मी मानेवर जेल लावून प्रोब टेकवते तेव्हा मला मुख्यतः दिसतं ते भोक. किती उरलंय आणि रक्त तिथून किती वेगानं जातंय. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते, तसंच अरुंद जागी रक्त धावतं. डॉप्लर तो वेग मोजतो आणि वेगावरून आम्ही टक्के ठरवतो. पक्षाघाताची लक्षणं येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद कॅरोटिड असलेल्या माणसांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा होतो, हे १९९१ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हापासून सगळे त्या टक्क्यांच्या तालावर चालतात. मीही चालते.

पण रोग असतो भिंतीत. १९८७ साली शिकागोच्या सेमूर ग्लॅगॉव्ह यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयाच्या रोहिण्या कापून मोजल्या. थर साचू लागला की रोहिणी आधी बाहेरच्या अंगाला फुगते आणि आतली वाट तेवढीच ठेवते, असं त्यांना दिसलं. थरानं साधारण ४० टक्के क्षेत्रफळ व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नव्हती. (हे ४० आणि तुमच्या रिपोर्टातले ४० यांची गल्लत करू नका. ते थरानं व्यापलेल्या जागेचे, तुमचे वाट अरुंद झाल्याचे. आकडा सारखा निघाला हा निव्वळ योगायोग, पण या योगायोगानं माझ्या टेबलावर बरेच गैरसमज आणून ठेवलेत.) म्हणजे भोक मोजणारी मी रोगापाशी पोचते तेव्हा त्याचा संसार बराच थाटून झालेला असतो.

शिवाय फुटणारा प्लाक मोठाच असेल असंही नाही. आत मऊ चरबीचा गाभा असतो आणि वर तंतूंचं झाकण. झाकण जाड असेल तर असा प्लाक वर्षानुवर्षं गप्प बसतो. हृदयाच्या रोहिणीत तेच झाकण ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीपेक्षा, पातळ झालं आणि खाली दाह धुमसत असला, तर ते फाटतं. आतला माल रक्ताला लागतो, रक्ताची गुठळी होते आणि मग धावपळ.

हा दाह भोक मोजून कळत नाही. इथे तुमचा भाचा येतो.

रोहिणीच्या आतल्या अस्तराच्या पेशी चिडल्या की आपल्या पृष्ठभागावर काही रेणू बाहेर काढतात. त्यातल्या एकाचं नाव व्हीकॅम-१. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी हे रेणू म्हणजे भिंतीतल्या खुंट्या. पेशी त्यांना अडकतात, थांबतात, भिंतीत शिरतात आणि तिथली चरबी खाऊन फुगतात. प्लाक असा वाढतो. निरोगी अस्तरावर व्हीकॅम-१ जवळपास नसतोच. तेव्हा खुंट्या दिसल्या तर भिंत किती चिडलीय ते कळेल, भोक कितीही मोकळं असो. पांढऱ्या पेशी जिथे अडकतात तिथेच अडकेल आणि सोनोग्राफीत उठून दिसेल, असं काहीतरी शिरेतून सोडायचं, एवढीच यामागची कल्पना.

ते काहीतरी म्हणजे बुडबुडा. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, तर हा दोन-तीन मायक्रॉनचा. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लोरोकार्बन जातीचा जड वायू, कारण साधी हवा रक्तात फार लवकर विरघळून जाते. बाहेर फॉस्फोलिपिड या चरबीसारख्या पदार्थाचं पातळ कवच.

आता मला या विषयातली सर्वांत आवडणारी गोष्ट सांगू द्या. वायू दाबला जातो, रक्त जवळपास दाबलं जात नाही. त्यामुळे ध्वनिलहर आली की बुडबुडा आकसतो, फुगतो, पुन्हा आकसतो, आणि तसं करताना स्वतः आवाज करतो. ओढ्याच्या खळखळीचा सूर त्यातल्या बुडबुड्यांचा असतो आणि बुडबुडा जितका लहान तितका तो सूर वरचा, हे गणित मिन्नार्ट या डच शास्त्रज्ञानं १९३३ साली मांडलं. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून पार होईल इतका लहान बुडबुडा घेतला, तर त्याचा सूर किती वरचा असेल? काही मेगाहर्ट्झ. म्हणजे सोनोग्राफीची यंत्रं ज्या पट्टीत काम करतात नेमकी तीच पट्टी. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नाही, पण तीवर अख्खी शाखा उभी आहे. त्यातही बुडबुडा दिलेल्या सुरातच गात नाही, वरचे सूर मिसळतो. हलका आवाज दिला तर आजूबाजूचं मांस बहुतेक दिलेलाच सूर परत देतं. यंत्र तो गाळून टाकतं आणि काळ्या पडद्यावर फक्त बुडबुडे उरतात.

नुसता बुडबुडा मात्र कुठे चिकटत नाही, रक्ताबरोबर फिरत राहतो. त्याला नेमक्या जागी धाडायचं तर कवचावर दोरीसारखे लांब रेणू लावायचे आणि त्यांच्या टोकाला खुंटीत बसेल अशी अँटिबॉडी किंवा लहानसा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा. इंजेक्शन दिलं की पडदा आधी पांढराफटक होतो. तेव्हा काही बघायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबायचं. मोकळे बुडबुडे फुप्फुसातून निघून जातात, चिकटलेले मागे राहतात आणि थोडे चुकार अजून भटकत असतात. एक चित्र घ्यायचं. मग यंत्राचा जोर वाढवून समोरचे सगळे बुडबुडे फोडायचे आणि काही सेकंदांनी पुन्हा चित्र घ्यायचं. त्यात दिसतात ते फक्त नव्यानं वाहत आलेले चुकार. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतात ते चिकटलेले. इतक्या नाजूक प्रश्नाचं उत्तर शेवटी प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीनं मिळतं याची मला गंमत वाटते.

हे होतं याचा पुरावा आहे. १९९८ साली फ्लोर्डेलिझा व्हियानुएव्हा आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मुद्दाम चिडवलेल्या रोहिणीच्या पेशींना आयकॅम-१ या दुसऱ्या खुंटीसाठी घडवलेले बुडबुडे चिकटतात, असं दाखवलं. २००७ मध्ये बीट कॉफमन, जोनाथन लिंडनर आणि सहकारी यांनी व्हीकॅम-१ वर जाणारे बुडबुडे प्लाक होणाऱ्या उंदरांना दिले, आणि दाहाच्या प्रमाणात त्यांच्या महारोहिणीतून संकेत आला. भाच्यानं वाचलं असेल ते बहुधा या घराण्यातलं.

मग घोडं अडलंय कुठे? एक तर प्रवाहात. तुमच्या कॅरोटिडमधून दर ठोक्याला रक्त सेकंदाला ६० ते १०० सेंटिमीटर वेगानं सुटतं आणि बुडबुडे धारेच्या मध्यावरून जातात, भिंतीपासून लांब. भरधाव गाडीतून हात काढून रस्त्याकडेची खुंटी पकडण्यातला प्रकार. पांढरी पेशी आधी भिंतीवरून लोळते, वेग कमी करते आणि मग घट्ट धरते. तिची नक्कल म्हणून बुडबुड्यावर दोन तऱ्हेचे आकडे लावून पाहिले आहेत, एक लोळायला आणि एक धरायला. ध्वनिलहरींच्या धक्क्यानंच बुडबुडे भिंतीकडे ढकलायची युक्तीही आहे. दुसरी अडचण डिंकाची. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अँटिबॉडी कवचाला जोडायला स्ट्रेप्टॅव्हिडिन हे जिवाणूंचं प्रथिन सर्रास वापरलं जातं. माणसाचं शरीर त्याला परकं समजून उसळू शकतं, म्हणून माणसासाठी जोडणी वेगळ्या रीतीनं करावी लागते. तशी करून बीआर-५५ नावाचे बुडबुडे माणसांत तपासलेही गेलेत, पण ते गाठींमधल्या नव्या रक्तवाहिन्यांसाठी. प्रोस्टेट, स्तन, अंडाशय. तिथे प्रवाह संथ असतो, हे लक्षात घ्या.

तिसरी अडचण क्वचितच कोणी बोलून दाखवतं. समजा दिसलं की तुमच्या डाव्या कॅरोटिडची भिंत चिडलेली आहे. मग काय करणार? कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन देणार, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणार, तंबाखू सोडा म्हणणार. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी आजच सांगितलंय तेच. एखाद्याला जास्त जोराचं औषध द्यायचं की नाही, किंवा नवं औषध दाह खरंच कमी करतं का, हे ठरवायला या चित्राचा उपयोग होईल असं मला वाटतं. तुमच्यासाठी आज नाही.

न चिकटणारे साधे बुडबुडे मात्र आहेत आणि काही ठिकाणी कॅरोटिडसाठी वापरलेही जातात. चिडलेल्या प्लाकमध्ये बाहेरच्या अंगानं बारीक, कच्च्या रक्तवाहिन्या शिरतात. काळ्या प्लाकमध्ये एखादा पांढरा ठिपका सरकताना दिसला की समजायचं, आत वाहिनी आहे. पण इथे माझी फजिती सांगायलाच हवी. सुरुवातीला एका रिपोर्टात मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं की प्रोबपासून दूरच्या भिंतीवरचा प्लाक बुडबुड्यांनी भरलेला आहे. आमच्या एका ज्येष्ठांनी व्हिडिओ पाहिला आणि एवढंच विचारलं, “हे ठिपके हलतायत का गं?” हलत नव्हते. बुडबुड्यांनी भरलेल्या रोहिणीतून पार होताना ध्वनिलहरच वेडीवाकडी होते आणि पलीकडची भिंत खोटीच उजळते. तेव्हापासून दूरच्या भिंतीवरचं काही लिहायचं असेल तर माझा हात आपोआप थांबतो.

तेव्हा गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करा. अचानक तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : हृदयाची सोनोग्राफी नीट दिसत नाही म्हणून आईला ‘बुडबुड्यांचं इंजेक्शन’ देऊन पुन्हा करायची म्हणतात. शिरेत हवा गेली की माणूस दगावतो असं लहानपणापासून ऐकलंय. आई तर घाबरून नकोच म्हणते.

उत्तर : सिनेमातला खलनायक रिकामी सिरिंज टोचतो, तेव्हा सिरिंजभर हवा एका गोळ्यात आत जाते. धोका त्या गोळ्याचा असतो. तो हृदयात किंवा रक्तवाहिनीत अडकून वाट बंद करू शकतो. इथला हिशेब बघा. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या एका प्रचलित इंजेक्शनात दर मिलिलिटरला ८ मायक्रोलिटर वायू असतो. पुरी मात्रा २.४ मिलिलिटरची धरली तर झाले साधारण २० मायक्रोलिटर, पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. तोही कोट्यवधी बुडबुड्यांत वाटलेला आणि बहुतेक सगळे बुडबुडे रक्तपेशीपेक्षा लहान. जिथून रक्तपेशी जाते तिथून ते जातात. दोन मिनिटांत ८० टक्क्यांहून जास्त वायू श्वासावाटे बाहेर पडतो आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा.

आईंना हवं तर तयारी दाखवायला सांगा, भीती बरीच कमी होते. बाटलीत तळाला पांढरी भुकटी असते. त्यात सलाइन घालून वीस सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं होतं. ते दूध म्हणजेच बुडबुडे. बाटली दोन मिनिटं तशीच ठेवली तर ते वर तरंगतात आणि खाली पाणी दिसू लागतं, म्हणून देण्याआधी पुन्हा हलवून घ्यायचं. पहिल्यांदा हे इंजेक्शन मी बारीक सुईतून आणि अंगठ्याचा जोर लावून दिलं होतं. पडद्यावर काही म्हणजे काही आलं नाही. यंत्राला दोष देऊन झाला, मग नर्सताई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही सगळे फोडलेत.” खरंच होतं. जाड सुई आणि सावकाश हात, एवढंच त्याला लागतं.

धोका शून्य आहे असं म्हणणार नाही. तीव्र ॲलर्जी येऊ शकते, साधारण दहा हजारांत एखाद्याला. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास लक्ष ठेवतात आणि तातडीची औषधं हाताशी असतात. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या इंजेक्शनांवर फार कडक इशारा छापायला लावला होता, तो पुढच्याच वर्षी सौम्य केला. आईंना याआधी कुठल्या इंजेक्शनची किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेल्या औषधाची, उदाहरणार्थ आतडं साफ करायच्या काही पावडरींची, ॲलर्जी आली असेल तर ते आधी सांगा. अंधुक चित्रावर बेतलेला रिपोर्ट घेऊन घरी जाण्यापेक्षा मी माझ्या आईला हे इंजेक्शन देईन. दिलंही आहे.

प्रश्न : मी बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या बुडबुड्यांची कल्पना आधी कोणाला सुचली? आणि औषध भरून ते थेट प्लाकवर फोडता येतील का?

उत्तर : सुचली म्हणण्यापेक्षा ती दिसली. रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह हे कॅथेटरमधून हिरवा रंग टोचत असताना हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवत होते. रंग गेला की महारोहिणीच्या मुळाशी प्रतिध्वनींचा ढग उठायचा. १९६८ साली त्यांनी ते छापलं. तो ढग टोचताना तयार झालेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. आजही हलवलेलं सलाइन टोचून आम्ही हृदयाच्या पडद्यातलं भोक शोधतो. ते बुडबुडे मोठे असल्यामुळे फुप्फुसात गाळले जातात. चार-पाच ठोक्यांच्या आत डाव्या बाजूला दिसले तर मधल्या वाटेनं आले, असं समजायचं.

औषध भरण्यावर आणि गुठळी फोडण्यावर प्राण्यांत पुष्कळ काम झालंय. पण जपून. पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या औषधाला बुडबुड्यांची आणि ध्वनीची जोड द्यायची एक चाचणी वाढीव मात्रेच्या गटात मेंदूत रक्तस्राव झाल्यानं अर्ध्यावर थांबवावी लागली होती. बुडबुडा फुटतो तेव्हा शेजारच्या भिंतीला काय होतं, हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली, वेगवान कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्रणात बघ. मग पातळ झाकणाच्या प्लाकवर तो किती जोरानं फोडायचा, हा प्रश्न तुलाच पडेल. प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घे.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन २.१ आहे. काँट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करायचं इंजेक्शन, म्हटलं की किडनीचे डॉक्टर नको म्हणतात. हे बुडबुड्यांचं इंजेक्शनही चालणार नाही का?

उत्तर : ते नको म्हणतात ते सीटी आणि अँजिओग्राफीच्या आयोडीनवाल्या काँट्रास्टला. बुडबुड्यांत आयोडीन नसतं. वायू फुप्फुसातून जातो आणि किडनीवर त्याचा भार पडत नाही. क्रिएटिनिन २.१ असताना मी हे इंजेक्शन देते. रिपोर्ट मात्र किडनीच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा.